तळ्याचा पलीकडचा काठ

“पण प्रिंटर सांगितला कुणी होता?”

“सांगावा लागतो होय? डिझाईन काढणार म्हणालीस ना? मग ते काय कॉम्प्युटरच्या काचेला कागद लावून गिरवणार आहेस?”

“आणि ग्राफिक्स कार्ड?”

“कार्ड काढायला लावलं. अगं, दुकानदार स्वतःच म्हणाला, डिझाईनला एवढं कार्ड कशाला? प्रोसेसरच्या पोटातच चित्र काढायची सोय असलेला मिळतो. तो घेतला. उरलेल्या पैशात हा. रंगीत आहे, फुलंबिलं जशीच्या तशी येतील.”

खोलीच्या मधोमध, शिलाई मशीन आणि पलंग यांच्यामध्ये, प्रिंटरचं खोकं बसलं होतं. आगाऊ पाहुण्यासारखं. ते ओलांडल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. पडदेकाकू खोक्याच्या अलीकडे उभ्या होत्या, नवरा पलीकडे. खिडकीपाशी सासूबाई वाटाणे सोलत होत्या.

“त्या कार्डाला दोन पंखे आहेत, ठाऊक आहे का तुला?” नवरा म्हणाला. त्याची नोकरी घरोघरचे विजेचे मीटर वाचायची, त्यामुळे सगळी गल्ली त्याला मीटरवाले म्हणायची आणि तो कुठलीही वस्तू आधी तारेकडून बघायचा. “वेगळी वायर लागते त्याला. रोज लोकांच्या घरचे आकडे बघतो मी. असल्या वस्तू घरात आल्या की मीटरचा दिवा कसा लुकलुकतो ते मला विचार. आणि तो पॉवर सप्लाय! साडेपाचशे वॅटचा! इस्त्री आहे का ती?”

“आपली पाण्याची टाकी हजार लिटरची आहे. म्हणून तुम्ही रोज हजार लिटरनं आंघोळ करता का?”

“टाकीचा इथं काय संबंध?”

“जेवढं लागेल तेवढंच घेतं ते. पॉवर सप्लाय म्हणजे अस्तर असतं. दिसत नाही, पण त्याच्यावर सगळा पडदा लटकलेला असतो. तिथं काटकसर करायची नाही.”

“बरं, नाही केली. तो आहे तसाच ठेवला. कार्डाचं बोल ना.”

पडदेकाकू कार्डाचं बोलल्या नाहीत. तेच तर बोलता येत नव्हतं.

“एवढं भांडायला प्रिंटर लागतो काय रे?” सासूबाईंनी एक शेंग फोडली. “आम्ही नुसत्या तोंडानं भांडायचो. सगळं ठरलं होतं ना तुमचं? मग घोडं कुठं पेंड खातंय?”

घोडं म्हटल्यावर पडदेकाकूंनी चमकून वर बघितलं. पण सासूबाईंची नजर वाटाण्यांवरच होती.

*

पडदेकाकू हे नाव गल्लीनं दिलेलं. मुलगी रांगत होती तेव्हा त्यांनी पहिला पडदा शिवला, आणि तेव्हापासून त्या लोकांच्या खिडक्या झाकत आल्या. कामाची त्यांची एक पद्धत होती. माप दुसऱ्या कुणी घेतलेलं त्यांना चालायचं नाही. टेप गळ्यात टाकून स्वतः त्या घरी जायच्या. खिडकीची उंची, रुंदी, दांडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर, सगळं दोनदा मोजायच्या. मग टेप तसाच गळ्यात ठेवून थोडा वेळ खिडकीपाशी नुसत्या उभ्या राहायच्या. घरातल्या माणसांना वाटायचं, बाई कापडाचा हिशोब करताहेत. कुणी मध्ये बोलायचं नाही.

हिशोब केव्हाच झालेला असायचा. त्या बाहेर बघत असायच्या.

एका खिडकीतून गोदी दिसायची. संध्याकाळी क्रेनच्या माना एकाच दिशेला वळून थांबायच्या, जशी काही कुणी त्यांना हाक मारली आहे. एका खिडकीबाहेर टेकडी होती, तिच्यावर एकच झाड, आणि त्या झाडाखाली रोज कुणीतरी बसलेलं. एका ठिकाणी मोडीत काढलेले रेल्वेचे डबे ओळीनं उभे होते आणि त्यांच्या दारांतून गवत बाहेर आलं होतं. अशा खिडक्या त्यांनी पाहिल्या, मोजल्या, आणि मग त्यांच्यावर पडदे टाकले. घरी येऊन मशीनवर बसलं की पाय पायडल मारत राहायचे आणि डोळ्यांपुढे ती टेकडी हळूहळू सरकत जायची. टाके मात्र कधी वाकडे गेले नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. भिंतीवर ओलीचा एक डाग होता. तो कधी बदकासारखा वाटायचा, कधी बुटासारखा. ह्या खिडकीला पडदा नव्हता. “भिंतीला कसली आलीये लाज?” असं सासूबाईंनी फार पूर्वी म्हटलं होतं आणि तो विषय तिथंच संपला होता.

मग गुडघा गेला. म्हणजे एकदम गेला नाही. आधी चौथा मजला गेला, मग तिसरा, आणि शेवटी दोन पायऱ्यांचं दुकानसुद्धा कठड्याला धरून चढायचं झालं. गिऱ्हाईकं चांगली होती. म्हणाली, काकू, तुम्ही कशाला येता, आम्ही मोजून फोटो पाठवतो. फोटो यायला लागले. आकडे बरोबर असायचे. पण फोटोतल्या खिडक्या सगळ्या पांढऱ्या. आतून काढलेला फोटो, बाहेर उजेड. चौकट दिसायची आणि मध्ये नुसता पांढरा चौकोन. पडदेकाकू फोन डोळ्यांजवळ न्यायच्या, लांब धरायच्या, तिरका करायच्या. पलीकडे काही नाही.

त्याच सुमारास मुलीनं, पिटूनं, घरात कॉम्प्युटर आणला होता. अभ्यासाला म्हणून. आणि त्यात ती लांडगे मारायची.

एकदा पिटू खेळ तसाच टाकून आंघोळीला गेली. पडदेकाकू टेबल पुसत होत्या. फडका कीबोर्डवरून फिरला आणि पडद्यावरचा घोडा एक पाऊल पुढे गेला.

त्यांनी फडका उचलला. घोडा थांबला. त्यांनी बोटानं तेच बटण शोधलं आणि दाबलं. घोडा चालायला लागला. दोन्ही बाजूंचं गवत त्याच्या पोटाला घासत होतं, वारा आला की एका अंगावर झोपत होतं आणि पुन्हा उठत होतं. पायवाट होती. पाणचक्की होती. तिच्या डाव्या हातानं उतार लागत होता. गुडघा दुखत नव्हता. पिटू केस पुसत बाहेर आली तेव्हा आई खुर्चीच्या टोकावर बसलेली, मांडीवर ओला फडका, आणि घोडा एका तळ्याच्या काठी.

“आई, अगं, तिकडं काहीच नाहीये. मिशन उलट्या बाजूला आहे.”

“असू दे,” पडदेकाकू म्हणाल्या. “ह्याच्या पलीकडे काय आहे?”

तळ्याच्या पलीकडे धुकं होतं. विरविरीत जाळीचा पडदा टाकल्यासारखं.

“दिसणार नाही. लांबचं दिसणं मी कमी करून ठेवलंय. मशीन जुनं आहे गं, जास्त केलं की अडकतं.”

त्यानंतर पिटू बाहेर गेली की पडदेकाकू तळ्यापर्यंत जाऊन यायला लागल्या. कुणाला मारायचं नाही, काही जमवायचं नाही. पाणचक्की, डावा हात, उतार, तळं. तिथं घोडा उभा करायचा आणि धुक्याकडे बघत बसायचं. कधी खेळात पाऊस यायचा, कधी उन्हं कलायची. पलंगावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. नवरा कुणाच्या तरी जिन्याखाली वाकून आकडे वाचत असायचा. ही गोष्ट घरात पिटूशिवाय कुणाला माहीत नव्हती, असं त्यांना वाटायचं.

मग पिटूला परगावी नोकरी लागली. ती कॉम्प्युटर घेऊन गेली. तिच्या खोलीवर स्क्रीन होता, म्हणून जुना स्क्रीन आणि कीबोर्ड घरीच राहिले. पडदेकाकूंनी स्क्रीनवर एक मखमलीचा तुकडा टाकला. काळी काच नुसती बघवत नव्हती.

*

मखमल आली होती नाट्यगृहाच्या पडद्याची. गावातल्या नाट्यगृहाचा मुख्य पडदा फाटला होता आणि नवा शिवायचं काम पडदेकाकूंना मिळालं होतं. एवढं मोठं कापड त्यांनी जन्मात शिवलं नव्हतं. खोलीत ते मावायचं नाही. एक पन्हा मशीनवर, एक पलंगावर, बाकीचं सासूबाईंच्या मांडीवर. लाल कापडात अर्धी बुडालेली म्हातारी म्हणायची, “मला बाहेर काढायचं विसरू नका रे.”

मजुरी आली तेव्हा पडदेकाकू एका झालरीला टाचण्या लावत होत्या. नवरा म्हणाला, “ह्याचं काय करायचं?” त्या म्हणाल्या, “कॉम्प्युटर.” तो म्हणाला, “कॉम्प्युटर? तुला? कशाला?”

तोंडात टाचण्या होत्या. एवढ्या टाचण्यांमधून एखादाच शब्द बाहेर पडतो, आणि जो पडला तो “डिझाईन” असा होता. टाचण्या काढून खरं सांगता आलं असतं. पण नवऱ्यानं इतक्या समाधानानं मान हलवली की त्यांनी पुढची टाचणी लावली.

“आई, बाबांना सांगून का टाकत नाहीस?” पिटू फोनवर म्हणायची.

“काय सांगू? ह्या वयात घोड्यावर बसते म्हणून?”

“मग काय झालं?”

“तुला काय जातंय. तू कार्डाचं सांग.”

शिलाई मशीनवर बसून, फोन दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवून, माय-लेकींनी तो कॉम्प्युटर बेतला. पैसे म्हणजे तो पडदा. त्याच्याबाहेर एक वीत जायचं नाही. पडदेकाकूंना आकड्यांपेक्षा पन्ह्यांत बरं कळायचं. प्रोसेसर एका पन्ह्यात बसवायचा: गेल्या वर्षीचा घ्यायचा, चालतो, कापडाचा रंग गेल्या वर्षीचा असला म्हणून कुणी पडदा परत करत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या, पण मदरबोर्ड चार खाचांचा. “दोन रिकाम्या कशाला?” पिटूनं विचारलं. “माया नको का?” आई म्हणाली. शिवणीत आत थोडं कापड राखून ठेवलं की पुढे पडदा मोठा करता येतो. ते त्यांनी आयुष्यभर केलं होतं. कॅबिनेट साधं. पिटूला रंगीत दिवे हवे होते. “दिवे नकोत. गोंडे लावले म्हणून खिडकी मोठी होत नाही.” स्क्रीन जुनाच. आणि असं सगळीकडून कापून, वळवून, जोड देऊन जवळजवळ अर्धा पडदा उरवला होता. तो सगळा कार्डासाठी. लांबचं दिसतं ते कार्डामुळे, हे पिटूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवसांत टाके घालताना त्यांना तळं दिसायचं. धुकं हळूहळू पातळ व्हायचं, पलीकडे काहीतरी हिरवट जमा व्हायचं, आणि नेमका तेव्हाच कुकर वाजायचा.

पैसे भरायला नवरा गेला, कारण दुकानापर्यंत चालणं आणि वर त्या दोन पायऱ्या. काय काय घ्यायचं ते त्यानं पाठ केलं होतं. दुकानदारानं सहज विचारलं, “कशासाठी हवाय?” आणि नवऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, “डिझाईनसाठी.” बायकोचे पैसे वाचवायची संधी समोर चालून आली होती. ती सोडणारा तो नव्हता.

*

“अगं, बोल काहीतरी,” नवरा आता म्हणत होता. त्याचा आवाज उतरला होता. “मला वाटलं, खूश होशील. दुकानापासून इथपर्यंत खांद्यावरून आणलंय हे धूड. गुलाब कसा छापून येतो ते तरी बघ. कात्री कुठंय?”

“उघडू नका.”

“का?”

“जरा जाऊन येते.”

“कुठं?”

“गुडघा मोकळा करायला,” असं म्हणून पडदेकाकूंनी टेप गळ्यात टाकला आणि चपला घातल्या. खोक्याला वळसा घालायला जागा नव्हती. कपाटाला धरून त्यांनी ते ओलांडलं.

“गुडघा मोकळा करायला टेप कशाला?” मागून नवरा म्हणाला.

रस्त्यावर उन्हं कलली होती. गल्लीच्या तोंडाशी सायकलवाला एक चाक उलटं धरून फिरवत होता, आणि आऱ्यांतून उजेड असा गरगरत होता की त्यांना क्षणभर ती पाणचक्कीच वाटली. तिच्या डाव्या हातानं वळलं की दुकान. कठड्याला धरून त्या चढल्या.

दुकानदार तरुण होता, कपाळावर चष्मा चढवून दुसरा चष्मा शोधणारा. टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर जोडून ठेवलेला होता, एक बाजू उघडी.

“या काकू. काकांनी सांगितलं तसं सगळं बसवलंय. उद्या नेलात तरी चालेल.”

“ह्याच्यावर तळं दिसेल का?”

“काय?”

त्यांनी खेळाचं वर्णन केलं. घोडा, गवत, पाणचक्की. दुकानदाराच्या लक्षात आलं. नवी मशीन तापवून बघायला तो जे दोन-चार खेळ ठेवायचा, त्यातलाच तो निघाला. त्यानं तो सुरू करून दिला आणि खुर्ची पुढे ओढली.

पडदेकाकू निघाल्या. घोडा चालत होता, पण झोपेत चालल्यासारखा. एक पाऊल, मग काही नाही, मग एकदम तीन पावलं पुढे. गवत नव्हतं, हिरवी सतरंजी अंथरली होती. झाडं अगदी अंगावर आल्यावर उगवत होती. तळ्याच्या काठी त्या पोचल्या तेव्हा तळंही अर्धंच होतं. पुढे धुकं. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. त्यांनी ओलीचा डाग शोधला. तेवढा नव्हता.

“प्रोसेसरच्या पोटातलं आहे ना हे, एवढंच दाखवणार,” दुकानदार म्हणाला. “पण डिझाईनला काही अडचण नाही. खेळणार कोण आहे? मुलगी येणार आहे का सुट्टीला?”

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. ते वायरी चाळत होतं.

“मी,” पडदेकाकू म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या, “मी खेळते.”

वायरीवाल्यानं मान वर करून बघितलं. गळ्यात टेप, अंगाला धाग्याचे तुकडे चिकटलेले. पुन्हा वायरीत डोकं घातलं. आभाळ कोसळलं नाही.

“काय सांगता! कितव्या लेव्हलला आहात?”

“लेव्हल नाही. मी इथपर्यंत येते आणि परत जाते.”

“मग काकू, तेवढ्यासाठी एवढं कार्ड?”

“पलीकडचा काठ दिसत नाही,” पडदेकाकू म्हणाल्या.

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मागच्या फळीवरून कार्डाचं खोकं काढलं. “थांबा, मोजते,” त्या म्हणाल्या. कार्ड मोजलं. कॅबिनेट बाहेरून नाही, आतून मोजलं, पुढच्या पंख्यापासून मागच्या पत्र्यापर्यंत. दोनदा. दोन बोटं जागा उरत होती. “माया आहे,” त्या म्हणाल्या आणि टेप गुंडाळला.

कार्ड बसवून, वायर लावून त्यानं पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी गवत एकेक पात्यानं आलं. घोड्याच्या मानेवरचे केस वाऱ्यानं उडत होते. पाणचक्कीवरून थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबात थोडं थोडं ऊन होतं. पडदेकाकूंनी घाई केली नाही. उतार उतरून त्या तळ्याशी आल्या, घोडा उभा केला आणि मान वर केली.

पलीकडे काठ होता.

तिथंही गवतच होतं. घर नाही, माणूस नाही, काही नवल नाही. गवत, काही दगड, आणि त्या दगडांमधून वर जाणारी एक बारीक पायवाट. ती टेकडीवर चढत होती आणि माथ्याजवळ वळून नाहीशी होत होती. टेकडीच्या मागे दुसरी, निळसर. तिच्या मागे आणखी एक, जवळजवळ आभाळाच्या रंगाची. क्रेन नव्हत्या, डबे नव्हते, पण पडदेकाकूंना त्या सगळ्या खिडक्या एकीमागे एक उघडत गेल्यासारख्या वाटल्या. त्या बघत राहिल्या. दुकानदाराला वाटलं, काकू हिशोब करताहेत. तो मध्ये बोलला नाही.

“पायवाटेनं जाता येतं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“दिसतं तिथं सगळीकडे जाता येतं.”

“मग आधीचा प्रोसेसर बसवा. ते पोटातलं चित्र नको. आणि कार्ड.”

“बसवतो. पण काकू, प्रिंटरच्या खोक्याची चिकटपट्टी तुटलेली असेल तर मला परत घेता येणार नाही हं. आणि तो परत आल्याशिवाय…”

“माहीत आहे,” असं म्हणत पडदेकाकू उठल्या. नवऱ्याला कात्री कुठं असते ते माहीत नव्हतं. पण शिवणाऱ्या बाईच्या घरात कात्री मिळायला किती वेळ लागतो? गुडघा म्हणाला, हळू. त्या हळू चालल्या नाहीत.

*

दार उघडंच होतं. नवरा कात्री हातात घेऊन उभा होता. खोक्यावर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात वाटाणे, पाय जमिनीपासून वीतभर वर.

“बघ तुझ्या सासूला,” नवरा म्हणाला. “तू गेल्यापासून बसलीये. ऊठ म्हटलं तर ऐकत नाही.”

“उंच बसलं की कंबरेला बरं वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तुला एवढी घाई कसली रे? गुलाब कोमेजतोय का त्याच्या आत?”

“आई, वाटाणे केव्हाच संपलेत तुझे.”

“मग पुन्हा मोजते.” त्यांनी ताटात बोटं फिरवली आणि सुनेकडे न बघता विचारलं, “मिळालं का गं ते कार्ड? त्याच्याशिवाय तुझा घोडा कसला चालतोय. आधीच तुझं ते यंत्र इतकं अडखळायचं, माझाच जीव वर-खाली व्हायचा.”

पडदेकाकू दारातच थांबल्या. “तुम्ही झोपलेल्या असायचात.”

“भिंतीकडे तोंड करून किती झोपणार माणूस? तिथं आरसा आहे.”

पलंगाजवळच्या भिंतीवर खरंच आरसा होता. पिटू त्याच्यात केस विंचरायची.

“कसला घोडा?” नवरा म्हणाला. त्यानं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. “डिझाईनचं काय झालं? घोड्याचं डिझाईन आहे का?”

पडदेकाकूंनी चपला काढल्या, गळ्यातला टेप काढून खुंटीला लावला. मखमलीचा तुकडा स्क्रीनवरून उचलला, झटकला, चौकोनी घडी केली आणि मशीनच्या खणात ठेवली.

“डिझाईन नाही,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटर मला खेळायला घेतलाय. प्रिंटर आत्ता परत जातोय, तो तुम्ही न्यायचा, आणि येताना कार्ड बसवलेला घेऊन यायचं. टेबल खिडकीपाशी लागेल. उद्यापासून दिवेलागणीला तासभर मी घरात नाही, भाजी तुम्ही फोडणीला टाकायची.”